मान कुणाकुणाला?

पालकसभेत एक तक्रार वर्षानुवर्षं हमखास येते. "आमच्या मुलाला बोलायची रीतच नाही हो. कुणी आलं तर नमस्कार करत नाही, हातात खाऊ ठेवला तर थँक्यू म्हणत नाही, आजोबांनासुद्धा अरे-तुरे करतो." सांगणाऱ्या आईबाबांच्या आवाजात रागापेक्षा काळजीच जास्त असते. आपण कुठे कमी पडलो का, नातेवाईक काय म्हणतील, उद्या हा मोठा होऊन माणसांशी कसा वागेल, असं बरंच काही त्या एका तक्रारीत दडलेलं असतं. आज त्या काळजीबद्दलच तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

ही काळजी फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये प्ताहहोतेप नावाच्या वजिराने आपल्या मुलाला केलेला उपदेश पपायरसवर लिहिलेला सापडला आहे. त्याला चार हजार वर्षं होऊन गेली. राजदरबारात कसं बोलावं, वरिष्ठांसमोर कसं बसावं हे त्यात आहेच. पण सुरुवातीलाच बाप मुलाला सांगतो, की आपल्या ज्ञानाचा ताठा धरू नकोस, जाणत्याशी बोलतोस तसाच अडाण्याशीही बोल, कारण चांगलं बोलणं हे दुर्मिळ हिरव्या रत्नासारखं असतं आणि तरीही ते दळण दळणाऱ्या दासींपाशी सापडतं. ज्या भाषेने जात्यावरच्या ओव्या ऐकल्या आहेत, त्या भाषेच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुलाला बोलण्याची रीत शिकवणाऱ्या त्या वजिराला दासींची आठवण झाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज मला जे सांगायचं आहे त्याचं सूत्रही तेच आहे.

आधी मुलं ही रीत शिकतात कशी, ते पाहू. पापुआ न्यू गिनीच्या जंगलात राहणाऱ्या कालुली लोकांमध्ये 1970च्या दशकात बँबी शीफलिन या अभ्यासिकेने आया आणि त्यांच्या लहान मुलांची बोलणी ध्वनिमुद्रित केली. तिथली आई मुलाच्या वतीने एक वाक्य बोलते आणि शेवटी 'असं म्हण' अशा अर्थाचा शब्द जोडते. मूल ते वाक्य जसंच्या तसं समोरच्याला ऐकवतं. आपण "म्हण, काका बसा" किंवा "म्हण, आजी मी येते" असं शिकवतो, अगदी तसंच. एक फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. कालुली आई फक्त गोड बोलणं शिकवत नाही. कुणी मुलाची वस्तू घेतली, तर "ते माझं आहे, परत दे" हेसुद्धा ती ठामपणे म्हणायला लावते. या मुद्द्याकडे आपण पुढे वळू.

अमेरिकेत जीन बर्को ग्लीसन आणि त्यांच्या सहकारी एस्थर ग्राइफ यांनी लहान मुलांच्या 'हाय', 'थँक्यू' आणि 'बाय' या तीन बोलांचा अभ्यास 1980 साली प्रसिद्ध केला. मुलं आईबरोबर किंवा बाबांबरोबर खेळायला येत, शेवटी त्यांना एक भेटवस्तू मिळे आणि मोठी माणसं काय करतात, मुलं काय करतात हे टिपलं जाई. भेट मिळाल्यावर आपणहून थँक्यू म्हणणारी मुलं अगदीच थोडी निघाली. बऱ्याच आईबाबांनी मात्र "काय म्हणायचं असतं?" असं मुलांना विचारलं. आणखी एक गोष्ट दिसली. स्वतः थँक्यू आणि बाय म्हणण्यात बाबांपेक्षा आया पुढे होत्या. मुलांना म्हणायला लावण्याची हौस दोघांनाही होती. स्वतः म्हणून दाखवण्याची सवय दोघांना सारखी नव्हती.

हे वाचल्यावर दोन गोष्टी मनाशी धरायला हव्यात. तीन-चार वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर गप्प राहतं, यात उर्मटपणा नसतो. जगभरची मुलं तशीच वागतात. अनोळखी चेहरा, सगळ्यांच्या रोखलेल्या नजरा आणि वरून आपलाच आग्रह, यात त्याची जीभ आणखी अडखळते. आणि मूल सांगितलेलं जितकं शिकतं, त्याहून कितीतरी अधिक ऐकलेलं शिकतं. म्हणून पाहुणे आले की मुलाला पुढे ढकलण्याआधी आपणच नमस्कार करावा, त्याच्या वतीने एखादं वाक्य बोलावं आणि विषय सोडून द्यावा. काही महिन्यांनी तेच वाक्य त्याच्या तोंडून आपोआप येतं.

आता 'थँक्यू'बद्दल थोडं. मराठी घरात आभार मानत नाहीत, ही आपली उणीव आहे, असं बरेच पालक मनातल्या मनात धरून चालतात. तसं काही नाही. सिमिअन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली पाच खंडांतल्या आठ भाषांमधल्या घरगुती बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी, इटालियन, पोलिश, रशियन आणि लाओ यांच्याबरोबर इक्वाडोरमधली चापला, घानामधली सिवू आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची मुरिनपाथा अशा भाषा त्यात होत्या. घरच्या किंवा ओळखीच्या माणसाने मागितलेली वस्तू दिली, केलेली विनंती मान्य केली, तर समोरचा माणूस किती वेळा आभार मानतो? सगळ्या भाषांचा मिळून हिशेब शंभरात पाच-सहा वेळांवर आला. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे त्यात पुढे, तेही शंभरात चौदा-पंधरा वेळांपर्यंतच. चापला भाषेत तर एकदाही नाही. आणि तरीही सगळीकडे माणसं एकमेकांना नकारापेक्षा होकारच कितीतरी अधिक वेळा देत होती. जवळच्या माणसांत मदत गृहीत धरलेली असते. तिची दरवेळी पावती द्यावी लागत नाही.

आपल्या घरांचंही तसंच आहे. भाजी चांगली झाली की ताट पुढे करून "अजून थोडी वाढ" म्हणणं, हीच दाद असते. शेजारणीकडून भरलेला डबा आला तर तो रिकामा परत जात नाही. त्यात घरचं काहीतरी घालून देतात. वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, जेवणाआधी अन्नाला हात जोडणं यांत आभारच आहेत. जपानमध्ये शाळेतली मुलं आळीपाळीने आपल्या वर्गाला जेवण वाढतात आणि सगळ्यांची ताटं भरली की एकसुराने 'इतादाकिमास' म्हणून मगच घास घेतात. तिथे आभार हे वाढण्याच्या कामाशी जोडलेले आहेत. ज्याने एकदा वाढपी होऊन चाळीस ताटांत भात वाढला, त्याला वाढणाऱ्याचे कष्ट कळतात. आपल्याकडेही आठवड्यातून एकदा मुलाच्या हाती वाढायचं काम द्यावं. मग 'थँक्यू'मागची भावना त्याला वेगळी सांगावी लागणार नाही. दुकानदार, कंडक्टर, शाळेचे शिपाई अशा घराबाहेरच्या माणसांना मात्र तोंडाने आभार मानलेले ऐकू यायला हवेत. कारण त्यांच्याशी आपलं नातं तेवढ्या क्षणापुरतंच असतं आणि डब्याची परतफेड तिथे करता येत नाही.

'प्लीज'चंही थोडं असंच आहे. मराठीत विनवणीचा मऊपणा बहुतेक वेळा क्रियापदातच येतो. "पाणी दे" म्हटलं की हुकूम. "पाणी दे ना", "जरा पाणी देतेस का?", "पाणी देशील का?", "पाणी द्या हो जरा", "पाणी द्याल का?" अशी एकेक पायरी चढत गेलं की तोच हुकूम विनंती होतो, पुढे आर्जव होतो. या पायऱ्या ऐकतच आपण मोठे झालो. हल्ली काही घरांत त्यांची जागा एकट्या 'प्लीज'ने घेतली आहे. "मम्मी, प्लीज पाणी दे!" हे तार स्वरात म्हटलं तर त्यात प्लीज असूनही हुकूमच उरतो. प्लीज म्हणू नये, असं मुळीच नाही. मुलांच्या कानांवर 'जरा', 'ना', 'देशील का' हे सगळं पडत राहावं, एवढंच.

आता सगळ्यात नाजूक विषय: 'तू' आणि 'तुम्ही'. "बाबांना तू म्हणतो" हे सांगताना आजी-आजोबांच्या मनाला लागलेलं असतं. पण मराठीत 'तू' हा अपमानाचा शब्द कधीच नव्हता. आईला आपण पिढ्यानपिढ्या 'तू'च म्हणत आलो. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत सगळे संत विठ्ठलाशी 'तू' म्हणूनच बोलले. पूर्वी बाबांना 'तुम्ही' होतं, त्यात आदर होता, तसं अंतरही होतं. बाबा घरात आले की मुलं आवाज खाली आणायची. आजचे बाबा मुलांना न्हाऊ घालतात, त्यांच्या वेण्या घालतात, अभ्यास घेतात. 'तू'बरोबर ते आईच्या जागी येऊन बसले आहेत. या बदलाचं मला मनापासून कौतुक आहे. आजोबांना मात्र 'तुम्ही' हवं असेल तर मुलाला ते प्रेमाने सांगावं. ज्याला मान द्यायचा, त्याला कोणता शब्द बरा वाटतो हे ओळखणं, ही रीतीची पहिली पायरी आहे.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढणारी आपली नातवंडं व्हिडिओ कॉलवर आजोबांना "तू कसा आहेस?" म्हणतात, तेव्हा इकडे क्षणभर शांतता पसरते. त्या लेकराच्या कानात दिवसभर इंग्रजीचं एकच 'यू' असतं. इंग्रजीत एके काळी दोन सर्वनामं होती. जवळच्याला आणि खालच्याला 'दाऊ', वरच्याला 'यू'. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्यांच्या क्वेकर पंथाने देवापुढे सगळी माणसं सारखी आहेत, असं म्हणत न्यायाधीशापासून उमरावापर्यंत सगळ्यांनाच 'दाऊ' म्हणायला सुरुवात केली. वरिष्ठांपुढे टोपी काढायलाही त्यांनी नकार दिला. या 'उर्मटपणा'साठी त्यांनी मार खाल्ला, कैद भोगली. बाकीचा इंग्रज समाज मात्र हळूहळू उलट दिशेने गेला. त्याने सगळ्यांनाच वरचा शब्द देऊन टाकला आणि 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून निघून गेला. म्हणजे आज इंग्रज माणूस मोलकरणीलाही जे म्हणतो, ते मुळात मानाचं संबोधन आहे.

सर्वनामांवरून माणसं अशी झगडली, कारण त्यात माणसाची किंमत ठरत होती. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या भरात, 1793 साली, सरकारी कामकाजात सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणावं असा हुकूम निघाला. 'महाशय' जाऊन 'नागरिक' आले. धाकाने आलेला तो 'तू' काही वर्षांतच मागे पडला. स्वीडनमध्ये तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वरच्या माणसाला सर्वनाम लावणंच असभ्य समजलं जाई. "डॉक्टरांना कॉफी हवी आहे का?" असं खुद्द डॉक्टरांनाच, त्यांचा हुद्दा घेऊन विचारायचं. ज्याला हुद्दा नाही, त्याला काय म्हणावं हा पेच पडे आणि माणसं वाक्यंच फिरवून बोलत. 1967 साली ब्रूर रेक्सेद हे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचे प्रमुख झाले. आपण सगळ्या कर्मचाऱ्यांना 'तू' म्हणणार आणि त्यांनीही आपल्याला नावानेच हाक मारावी, असं त्यांनी सांगितलं. बदलाचं वारं आधीपासून होतंच. त्याला या घोषणेने बळ मिळालं आणि थोड्याच वर्षांत सगळा देश तसा बोलू लागला. वरच्या खुर्चीतल्या माणसाने आधी स्वतःचा मान सैल केला, म्हणून ते टिकलं.

जावा बेटावरचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे. जावानीज भाषेत मानाच्या पायऱ्या नुसत्या सर्वनामांत नाहीत, शब्दाशब्दांत आहेत. साधं 'जेवणं' घेतलं तरी बरोबरीच्या माणसासाठी एक शब्द, सभ्य बोलण्यात दुसरा आणि वडीलधारी व्यक्ती जेवत असेल तर तिसरा. तो तिसरा शब्द माणूस स्वतःच्या जेवणासाठी कधी वापरत नाही. आईबाप मुलाशी साध्या बोलीत बोलतात आणि मूल त्यांना वरच्या बोलीत उत्तर देतं, अशी तिथली परंपरागत रीत. ज्याला हे अजून साधलेलं नाही, त्या लहान मुलाला 'हा अजून जावाचा झाला नाही' असं म्हणतात. सौंदर्य आहे त्या रचनेत, यात शंका नाही. पण 1928 साली इंडोनेशियातल्या तरुणांनी एका देशाची, एका भाषेची शपथ घेतली, तेव्हा सर्वांत मोठ्या समाजाची जावानीज न निवडता मलय भाषेला राष्ट्रभाषा मानलं. मलय ही आधीपासूनच बंदराबंदरांत चालणारी व्यवहाराची भाषा होती. शिवाय तिच्यात उच्चनीचतेच्या एवढ्या पायऱ्या नव्हत्या. स्वातंत्र्य मागणाऱ्या तरुणांना अशी भाषा हवी होती, जिच्यात समोरच्याची पायरी आधी मोजावी लागत नाही.

आपला इतिहासही आपण मुलांना सांगायला हवा, कारण तो अवघड आहे. आपल्याकडे मान शतकानुशतकं एकाच दिशेने, खालून वर गेला. 'जोहार मायबाप' म्हणत वाकणाऱ्या म्हाताऱ्या महाराला गावातलं सवर्णाचं पोर नुसत्या नावाने, अरे-तुरेत हाक मारायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. घरात मात्र तेच पोर संध्याकाळी परवचा म्हणून सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. त्याला संस्कारी म्हणत. बाबासाहेबांच्या चळवळीत तो 'जोहार' गेला आणि 'जय भीम' आलं. त्याचं श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिलं जातं. जोहार घालणारा खाली वाकतो आणि घेणारा ताठ उभा राहतो. 'जय भीम' मात्र दोघं एकमेकांना म्हणतात. नमस्कार बदलला आणि माणसांची उंची सारखी झाली.

म्हणून, पालकहो, मुलाला बोलण्याची रीत आहे की नाही हे मोठ्या काकांपुढे किंवा मुख्याध्यापकांपुढे तपासू नका. वरच्यापुढे नम्र व्हायला धाकही पुरतो. ते तपासावं घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींपुढे, सोसायटीच्या वॉचमनपुढे, रिक्षावाल्यापुढे, हॉटेलात टेबल पुसणाऱ्या पोरापुढे. मावशींचं वय पन्नास आणि आपलं मूल आठ वर्षांचं. ते त्यांना काय म्हणतं? "ती भांडीवाली आली" म्हणतं, की "मावशी आल्या" म्हणतं? आणि मूल काय म्हणतं, हे त्याच्यावर अवलंबून नसतं. आपण काय म्हणतो यावर असतं. आपण फोनवर "आमची बाई आज आलीच नाही" म्हणालो, तर मूल 'बाई'च शिकेल. रिक्षावाल्याला आपण "ए, चल रे स्टेशनला" म्हणालो आणि पुढच्याच क्षणी फोनवर साहेबांना "हो सर, आलोच सर" म्हणालो, तर मागच्या सीटवर बसलेलं लेकरू शिकतं, की मान हा माणसाला नसतो, खुर्चीला असतो. हा धडा आपण कधीच तोंडाने देत नाही आणि तरीही तोच सगळ्यात पक्का बसतो.

2018 साली अ‍ॅमेझॉन आणि गूगल या कंपन्यांनी आपल्या बोलक्या यंत्रांत एक सोय केली. मुलाने 'प्लीज' म्हणून काही मागितलं, तर यंत्र त्याचं कौतुक करायचं. मुलं यंत्राला हुकूम सोडता सोडता माणसांनाही तसंच बोलतील, अशी पालकांना भीती वाटत होती. भीती समजण्यासारखी आहे. यंत्राला मान देण्याची मला काही निकड वाटत नाही. पण "अलेक्सा, गाणं लाव" आणि "मावशी, चहा ठेवा" या दोन वाक्यांचा सूर आपल्या घरात एकच येतो का, हे प्रत्येकाने एकदा कान देऊन ऐकावं.

आता ठामपणाकडे. विनयाच्या नावाखाली आपण मुलांचा 'नको' काढून घेतो, आणि ते घातक आहे. इराणमध्ये 'तआरुफ' नावाची रीत आहे. दुकानदार पैसे घ्यायला आधी "राहू द्या, तुमच्यासाठी काय!" म्हणून नकार देतो, गिऱ्हाईक आग्रह करतं, मग तो पैसे घेतो. पाहुणाही दोन-तीनदा नको म्हणून मग फराळ घेतो. आपल्याकडचं "नको नको, पोट भरलंय... बरं, अर्धा लाडू" हे त्याचंच भावंड. मोठ्यांना हा खेळ कळतो. मुलाला मात्र त्यातून असं वाटू शकतं, की 'नको' म्हटलं तरी पुढे 'हो' म्हणावंच लागतं. म्हणून त्याला स्पष्ट शब्दांत सांगावं: जेवणातला 'नको' लाडाचा असू शकतो, अंगाला हात लावण्याबाबतचा 'नको' कधीच लाडाचा नसतो. एखाद्या काकांच्या मांडीवर बसायचं नसेल, कुणाला पापा द्यायचा नसेल, तर "काकांना वाईट वाटेल" म्हणून त्याला भाग पाडू नये. "मला नाही आवडत, मी नमस्कार करते" एवढं म्हणायला शिकवावं आणि तसं म्हटल्यावर आपण मुलाच्या बाजूने उभं राहावं. ज्या विनयात स्वतःला जपण्याची मुभा नाही, त्याला फक्त आज्ञाधारकपणा म्हणतात. कालुली आई जे जाणते, ते आपणही शिकून घ्यायला हवं.

शेवटचं सांगणं चुकांबद्दल. युरोपात मुलांच्या रीतिभातीवर ज्या छोट्या पुस्तकाने सगळ्यात मोठा ठसा उमटवला, ते डच विद्वान इरॅस्मसने 1530 साली लिहिलं. नाक कसं पुसावं, जेवताना हात कुठे ठेवावेत, बोलताना नजर कशी असावी, असं बारीकसारीक त्यात आहे. पण पुस्तक संपवताना तो मुलाला सांगतो, की आपण चुकू नये आणि दुसऱ्याच्या चुका मात्र सहज माफ कराव्यात, हा सभ्यतेचा सगळ्यात मोठा भाग. ज्याला रीतभात येत नाही, त्याच्यावरचं प्रेम कमी होऊ देऊ नये. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, त्यात अळणी भाजीची गोष्ट आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील चव घेतात, त्यांच्या लक्षात येतं. पण राबून रांधणारीला वाईट वाटू नये म्हणून ते मिठाबद्दल अवाक्षर न काढता जेवतात आणि मुलंही त्यांच्याकडे पाहून गप्प राहतात. त्या पंगतीत कुणी कुणाला 'थँक्यू' म्हटलं नाही, 'तू-तुम्ही'चा प्रश्नही आला नाही. तरीही विनयाचा याहून मोठा पाठ मराठी मुलांना क्वचितच मिळाला असेल.

यात मुलांची चूक सांभाळून घेणंही आलं. पाहुण्यांसमोर "बघा, याला काही रीतच नाही" असं आपण म्हणतो, तेव्हा मुलाला विनय शिकवण्यासाठी आपणच त्याच्याशी अविनयाने वागत असतो. मोठ्या माणसाला चारचौघांत आपण असं कधी बोललो असतो का? चूक झाली तर नंतर, एकट्याला, हळू आवाजात सांगावी. आपल्या हातून त्याच्यावर विनाकारण आवाज चढला, तर "चुकलं माझं" हे त्यालाही म्हणावं. त्याच्या खोलीत शिरताना "येऊ का?" विचारावं. त्याने पाण्याचा पेला आणून दिला, तर त्याच्याकडे पाहून हसावं. ज्याला मान मिळालेला नाही, त्याला तो देता येत नाही.

म्हणून एवढीच विनंती आहे. पुढचे काही दिवस मुलाला "असं बोल, तसं बोल" सांगणं थोडं कमी करा आणि आपलं स्वतःचं बोलणं ऐका. साहेबांशी, सासूबाईंशी, भाजीवालीशी, वॉचमनशी आणि आपल्या मुलाशी. या सगळ्यांशी बोलताना आपला सूर जिथे जिथे खाली उतरतो, तिथे तिथे तो उचलून घ्या. मुलाला वेगळं काही शिकवावं लागणार नाही.